माणसं पुस्तकं का वाचतात? देवघेवीच्या टेबलावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पश्चिम नागपुरातल्या एका छोट्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी बसून मला १९ वर्षं झाली. पुस्तक बदलायला आलेला माणूस नुसतं पुस्तक बदलून जात नाही, टेबलावर कोपर टेकवून काहीबाही विचारतो. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की एकदाचे लिहून काढावेत असं ठरवलं. वर्गणी, अनामत आणि दंडाचे प्रश्न इथे नाहीत. ते फळ्यावर लिहिलेले आहेत, तरी लोक विचारतातच.

लोक नेमके कशासाठी वाचतात?

यावर मी एक जुनं कार्ड, नाव झाकून, पुढे करते. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, त्यांचं ते. जानेवारीत दोन हेरकथा. मग शिवकालावरचा जाडजूड ग्रंथ, तो तीनदा पुन्हा नावावर करून घेतलेला. मे महिन्यात लागोपाठ पाच विनोदी पुस्तकं. त्या महिन्यात काकू दवाखान्यात होत्या, आणि काका रात्री तिथल्या बाकावर बसून वाचायचे. पावसाळ्यात मधुमेहाच्या आहारावरचं पुस्तक. दिवाळीनंतर आयुष्यातला पहिला कवितासंग्रह. तो नेताना म्हणाले, "नातीनं सांगितलं म्हणून नेतो. समजलं तर समजलं."

माणूस एक, कारणं पाच. वेळ जावा, काही कळावं, डोक्यावरचं ओझं घटकाभर खाली ठेवावं, औषधपाण्याची गरज भागावी, आणि नातीशी बोलायला विषय असावा. म्हणून "तुम्ही कोणत्या प्रकारचे वाचक?" हा प्रश्नच मला पटत नाही. वाचण्याचं कारण माणसागणिक बदलतं, त्याहून जास्त दिवसागणिक बदलतं. मी विचारते ते एवढंच : आज काय हवंय?

नुसत्या करमणुकीसाठी वाचणं कमी दर्जाचं नाही का?

असं म्हणणारे बहुतेक जण रहस्यकथा पिशवीत तळाशी ठेवून नेतात, वर एखादं वैचारिक पुस्तक.

एकदा सकाळी वाचनालय उघडायच्या आधीच एक दुकानदार सभासद पायरीवर बसलेले. त्यांनी नेलेल्या रहस्यकथेचं शेवटचं पान कुणीतरी फाडलेलं. "मॅडम, खुनी कोण हे कळल्याशिवाय मी आज शटर उघडत नाही." आमच्याकडे दुसरी प्रत नव्हती. मी नोंदवही काढली आणि आधी ते पुस्तक नेलेल्यांना फोन लावत सुटले. पहिल्या तिघांना काही आठवेना. चौथ्या एक काकू होत्या. त्या म्हणाल्या, "थांबा, सांगते. पण आधी त्यांना विचारा, त्यांचा संशय कुणावर आहे." त्यांचा संशय डॉक्टरवर होता. खुनी भलताच निघाला, आणि आपण साफ फसलो म्हणून हे गृहस्थ बरोबर ओळखलं असतं तर झाले नसते इतके खूश झाले.

रहस्यकथेची मजा ही अशी आहे. लेखकानं धागेदोरे समोर मांडलेले असतात, आपण ते पाहतो आणि तरी चुकतो. दोनशे पानं डोकं सतत अंदाज बांधत असतं. ही मेहनत हलकी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा खुनी ओळखून दाखवावा.

शेवट आधी कळला तर मजा जाते का?

त्या दुकानदारांना विचारलं तर जाते. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या विद्यापीठात २०११ साली १२ लघुकथांवर प्रयोग झाला, त्यात शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना कथा उलट किंचित जास्तच आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत मात्र शेवट कळलेल्यांचा रस कमी झालेला दिसला. म्हणजे नक्की काही नाही. पुराणातल्या गोष्टींचा शेवट अख्ख्या गावाला पाठ असतो, तरी कीर्तनाला गर्दी होते. आणि क्रिकेटचा निकाल कळलेला सामना फार कमी लोक पाहतात. कशाची गोडी कुठे आहे यावर ते अवलंबून. "पुढे काय" यात असेल तर शेवट सांगू नये. "कसं सांगितलंय" यात असेल तर खुशाल सांगावा.

एकच पुस्तक लोक पुन्हापुन्हा का नेतात?

आमच्याकडे एका कादंबरीच्या कार्डावर एकाच आजींची सही ११ वेळा आहे. मी एकदा म्हटलं, आजी, ही विकतच घ्या ना. त्या म्हणाल्या, "घरी असली तर कधी वाचू हे ठरणार नाही. इथून नेली की पंधरा दिवसांत वाचावीच लागते."

पुन्हा वाचणं आपल्याला नवं नाही, त्याला आपल्याकडे पारायण असा शब्दच आहे. विदर्भात शेगावच्या गजानन महाराजांच्या पोथीचे २१ अध्याय घराघरांत वाचले जातात, काही जण एका दिवसात, एका बैठकीत. पोथी वाचणाऱ्याला पुढे काय होणार ते माहीत असतं. त्याला हवी असते ती ओळखीची लय, स्वतःचा मोठ्यानं लागलेला आवाज, आणि तेवढ्या वेळात दारावरची बेल वाजली तरी उठायचं नाही ही मुभा. शेवटच्या कारणाला घरातल्या बायका जास्त दुजोरा देतील.

आजींच्या कादंबरीचंही तेच असावं. पुस्तक तेच राहतं आणि आपण कुठे पोचलो ते त्यावर मोजता येतं, जसं लहानपणी दाराच्या चौकटीवर उंची मोजायचे. विशीत नायिकेची बाजू घेतली होती, आता तिच्या सासूचं म्हणणं पटतंय, हे एका सभासद ताईंनी मला जरा ओशाळूनच सांगितलं.

दीक्षाभूमीवर एवढी पुस्तकं का विकली जातात?

बाहेरगावचे लोक हे हमखास विचारतात, नागपूरकर कमी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवसांत लोकांचा सागर लोटतो, आणि परिसरात पुस्तकांच्या स्टॉलची रांगच्या रांग लागते. संविधान, २२ प्रतिज्ञांच्या छोट्या पुस्तिका, बाबासाहेबांचे ग्रंथ, बुद्धचरित्रं, आत्मकथनं. लोक रेल्वेनं, एसटीनं, ट्रकनं येतात, मैदानात झोपतात आणि परतताना पिशवीत मूर्ती किंवा तसबिरीबरोबर पुस्तक असतंच.

मी सुट्टी काढून दरवर्षी जाते. एका वर्षी स्टॉलवर माझ्या शेजारी लुगडं नेसलेली एक आजी उभी होती, मराठवाड्यातून आलेली. तिनं एक पुस्तक उचललं, मुखपृष्ठावरून हात फिरवला आणि माझ्याकडे दिलं. "बाई, यात काय लिव्हलंय, वाचून दाव." मी पहिलं अर्धं पान वाचलं. तिनं कमरेची पिशवी सोडली, मोजून पैसे दिले. नातवासाठी का, म्हटलं. "त्याच्यासाठी बी. आन् तो मला वाचून दावंल."

ज्यांच्या आज्या-पणज्यांपासून अक्षर दूर ठेवलं गेलं त्यांच्या हातात पुस्तक येतं तेव्हा ते करमणूक किंवा माहिती यांच्या खात्यात मावत नाही. बाबासाहेबांनी मुंबईत दादरला राजगृह बांधलं ते मुख्यतः आपल्या ग्रंथसंग्रहाला जागा हवी म्हणून. ते ठाऊक असलेला माणूस घरात पुस्तकांचा कोनाडा करतो, आणि त्यातलं प्रत्येक पुस्तक त्यानं वाचलेलं असेलच असं नाही. असू द्या. माझ्या वाचनालयातल्या निम्म्या कपाटांचंही तेच आहे.

वाचताना मला डोळ्यांसमोर चित्रं दिसत नाहीत. माझं काही चुकतंय का?

काही चुकत नाही. हा प्रश्न मला एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यानं दार बंद होताना, कुणी ऐकत नाहीसं पाहून विचारला होता. मनातल्या मनात चित्र उभं करण्याची ताकद प्रत्येकात वेगळी असते. काही थोड्या लोकांना ते अजिबात जमत नाही, आणि या स्थितीला २०१५ साली "अफँटेझिया" असं नाव मिळालं. हा आजार नाही. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकानं तर १८८० मध्येच लोकांना तुमचं न्याहारीचं टेबल आठवा असं सांगून हा फरक टिपला होता.

तो मुलगा निसर्गवर्णनं ओलांडून जायचा आणि संवादांवर खूश असायचा. मी त्याला नाटकं दिली. अजून नाटकंच नेतो.

पुस्तक हातात घेतलं की झोप येऊन राहिली, काय करू?

अस्सल नागपुरी प्रश्न, आणि बहुतेक मे महिन्यात येतो. बाहेर ४५ अंश, आत कूलरची घरघर, पोटात वरण-भात आणि तुम्ही आडवे. यात पुस्तकाचा काय दोष? वाचताना डोळे ओळीवरून सरळ सरकत नाहीत. ते एखाद्या ठिकाणी सुमारे पाव सेकंद टेकतात, उडी मारून पुढे जातात, पुन्हा टेकतात. हे काम मिनिटाला दोनशेहून जास्त वेळा चालतं. थकलेले डोळे आधी संप करतात. बसून वाचा, सकाळी वाचा.

आणि झोप यावी म्हणूनच वाचत असाल, तर तेही कारणच आहे. आमचे एक वकील सभासद झोपेसाठी प्रवासवर्णनं नेतात. वर्षभरात ते नॉर्वेच्या पुढे गेलेले नाहीत.

जुन्या पुस्तकांचा वास एवढा का आवडतो?

स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा असतो आणि त्यात लिग्निन नावाचा घटक राहतो. उजेड आणि हवा लागून तो वर्षानुवर्षं विघटित होतो. त्यानं कागद पिवळा पडतो, आणि जे वायू सुटतात त्यांत व्हॅनिलाच्या वासाचा घटकही असतो. म्हणजे आपल्याला आवडतो तो खरं तर पुस्तक हळूहळू संपत चालल्याचा वास. पण कुबट, नाकात शिरणारा वास आला तर ती बुरशी, तिचं कौतुक नको. कसर लागली असेल तर पानांवर वेडीवाकडी कुरतडलेली नक्षी दिसेल.

इथे माझी एक चूक सांगते. सभासदांना गार वारा लागावा म्हणून एका उन्हाळ्यात मी कूलर वाचनकक्षाच्या खिडकीत बसवून घेतला. त्याच्या थेट समोर चरित्रांचं कपाट. जूनपर्यंत खालच्या दोन कप्प्यांतली पुस्तकं फुगून पापडासारखी झाली. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कागद ठिसूळ होतो हे खरं, पण कूलरची ओल त्याहून वाईट. घरी कपाट आणि कूलर समोरासमोर ठेवू नका.

मोबाइलवर वाचलं तर ते वाचन नाही का?

आहे. २००० ते २०१७ या काळातल्या ५४ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यांत मिळून १ लाख ७० हजारांहून जास्त लोक होते. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना जास्त नीट समजला, आणि वेळेचं बंधन असताना हा फरक वाढला. निव्वळ गोष्टी वाचताना मात्र तसा फरक दिसला नाही. त्यामुळे कथा खुशाल मोबाइलवर वाचा, परीक्षेचं कागदावर.

ऐकण्याबद्दलही विचारतात. एक ताई पहाटे डबे करतात. पोळ्या लाटताना कानात कादंबरी चालू असते, आणि छापील प्रत नंतर माझ्याकडून नेतात, "आवडलेलं पान शोधायला". त्यांना वाचक म्हणायचं नाही तर कुणाला?

वाचल्यानं माणूस चांगला होतो म्हणतात. खरं का?

"सायन्स" या नियतकालिकात २०१३ साली असा निष्कर्ष आला होता की साहित्यिक कथा थोडा वेळ वाचली तरी दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याची क्षमता वाढते. वर्तमानपत्रांनी तो फार उचलून धरला. पुढे इतर संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो परिणाम मिळाला नाही. ती दुसरी बातमी कुणी मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली नाही.

माझा अनुभव विचाराल तर, उत्तम वाचन असलेले दोन सभासद पाच रुपयांच्या दंडावरून एकमेकांच्या अंगावर धावून गेलेले मी पाहिलेत.

आणि आयुष्य वाढतं, हे?

अमेरिकेत पन्नाशीपुढच्या ३,६३५ लोकांना १२ वर्षं पाहिलं, त्यात पुस्तक वाचणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे २० टक्के कमी आढळला. तो अभ्यास २०१६ चा. पण पुस्तकामुळेच असं झालं हे त्यावरून ठरत नाही. ज्याला निवांत बसून वाचायला मिळतं त्याचं बाकीचंही बरं चाललेलं असू शकतं. औषध म्हणून पुस्तक नेणारा सहसा दोन महिन्यांत येणं बंद करतो.

दिवाळी अंकांना एवढी मागणी का?

कारण ते सगळे एकाच वेळी वाचतात. "मनोरंजन" मासिकानं १९०९ साली दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा परिपाठ चालत आलाय. आमच्याकडे अंकांची वेगळी वर्गणी असते आणि अंक होळीपर्यंत फिरतात. मुखपृष्ठ सुटतं, भविष्याचं पान सगळ्यांत मळकं होतं. "त्या अंकातली ती कथा वाचली का?" हे बोलता यावं म्हणून वाचणं, हे कारण कुणी तोंडानं कबूल करत नाही.

हिंदी पुस्तकं वाचली तर चालतील का?

काऊन नाही चालणार? १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रांताची, पुढे मध्य प्रदेशाची राजधानी होतं. इथल्या जुन्या घरांत दोन्ही भाषांची पुस्तकं एकाच फळीवर असतात आणि लिपीही एकच. आमच्या हिंदी कपाटाची किल्ली मात्र वर्षभर हरवली होती, ती मागच्या पोळ्याला सापडली.

पुस्तक अर्धवट सोडलं तर पाप लागतं का?

नाही. आणून मात्र द्या.

परीक्षेसाठी वाचणारी मुलं वाचक म्हणायची का?

आमच्या अभ्यासिकेत गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळकडची पोरं सकाळी सातला जागा धरतात. टिफिन, पाण्याची बाटली, चालू घडामोडींची मासिकं. पुढचं वर्ष कसं जाणार हे त्या वाचनावर ठरणार असतं, त्याला आवड-नावड विचारणं मला बरं वाटत नाही. त्यातला एक मुलगा रात्री नऊच्या ठोक्याला मान वर करायचा, कवितांच्या कपाटापाशी उभ्या उभ्या पाच-सहा पानं वाचायचा आणि सायकल काढायचा. कार्डावर त्यानं एकही कवितासंग्रह कधी नेला नाही. म्हणजे कार्डावरून सगळं कळतं असं मी वर सुचवलं, ते तितकंसं खरं नाही.

मुलं वाचत नाहीत. कोणतं पुस्तक द्यावं?

प्रश्न आई विचारते आणि मूल शेजारी उभं राहून भुतांच्या गोष्टींकडे पाहत असतं. आई म्हणते, "काहीतरी ज्ञान मिळेल असं द्या." थोर पुरुषांचं चरित्र निवडलं जातं, आठवड्यानं न उघडता परत येतं, आणि "बघा, मी म्हटलं नव्हतं का" असा चेहरा टेबलापुढे उभा राहतो.

भुतांचं द्या. विनोदी द्या, चित्रकथा द्या, क्रिकेटचं द्या. निवड त्याची, वाईट निघाली तरी त्याची. ओळखीच्या एका शाळेत मी पुस्तकांची पेटी दिली होती. वर्षभरानं गेले तर पेटी कुलूपबंद, पुस्तकं नवीकोरी. "मुलं खराब करतात," असं उत्तर मिळालं. आमच्या बालविभागातलं सगळ्यांत फाटकं पुस्तक तीनदा बांधून झालंय, आणि मुलं अजून त्याच्यासाठी नंबर लावतात.

समासात लिहिलेलं तुम्ही खोडता का?

नियम आहे, खोडायला हवं. पेनानं लिहिणाऱ्याला दंड करतेच. पेन्सिलीचं काही वेळा राहू देते.

एका जुन्या निबंधसंग्रहात ६४व्या पानावर एका वाक्यापुढे बारीक अक्षरात लिहिलंय : "हे साफ खोटं." खाली वेगळ्या हस्ताक्षरात : "तुम्हाला कसं माहीत?" त्याखाली पहिल्याचंच, बऱ्याच काळानं लिहिलेलं असावं, कारण अक्षर थरथरलंय : "अनुभवानं." ही दोघं एकमेकांना कधी भेटली नसावीत. ते पुस्तक नेणारा प्रत्येक जण परत देताना ६४वं पान उघडून मला दाखवतो, जणू मला ठाऊकच नाही.

मागच्या वर्षी पुस्तक खिळखिळं झालं म्हणून बांधणीला दिलं. बांधणीवाल्या भाऊंना बजावून सांगितलं की कडा कापताना ६४व्या पानाचा समास वाचवा. त्यांनी सवयीनं यंत्रात घातलं. आता तिथे "अनुभवा" एवढंच उरलंय, आणि गेल्या महिन्यात कुणीतरी पुढे पेन्सिलीनं "नं" लिहून ठेवलाय.